रस्त्याकडेचे महाकाय पुतळे जपायचे कसे? सोलापूर परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पाच-सहा मित्र गेली काही वर्षं रविवारी दुचाकीवरून सोलापूरच्या चारी बाजूंचे रस्ते फिरतो आणि रस्त्याकडेच्या मोठाल्या पुतळ्यांची नोंद ठेवतो. धाबेवाले, सरपंच, पुतळे घडवणाऱ्या मिस्त्रींची मुलं असे बरेच जण फोन करून तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत.

नेमके कोणते पुतळे तुम्ही धरता?

धाब्यापुढचा दोन पुरुष उंचीचा पैलवान. शेतातल्या बंगल्याच्या फाटकावरची बैलजोडी. रसवंतीसमोर उसाची मोळी खांद्यावर घेतलेला शेतकरी. बंद पडलेल्या बागेत एकटाच उरलेला डायनासोर. यातले बहुतेक सिमेंटचे, काही फायबरचे, क्वचित एखादा पत्र्याचा. आमची कसोटी एवढीच: धावत्या एसटीच्या खिडकीतून तो दिसला पाहिजे आणि पत्ता सांगताना लोकांच्या तोंडी त्याचं नाव आलं पाहिजे.

देवदेवतांच्या मूर्ती आणि महापुरुषांचे पुतळे आम्ही यात धरत नाही. त्यांचं पावित्र्य वेगळं, त्यांची काळजी वाहणारी माणसं वेगळी आणि नियमही वेगळे. सोलापुरात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोर उभं राहिलं की १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा आठवतात आणि मान आपोआप झुकते. धाब्यापुढचा पैलवान दिसला की माणूस शेजारच्याला म्हणतो, "उठ, आलं गाव." ही भावना साधी आहे, पण ती रोज हजारो लोकांना होते आणि तिची नोंद कुठल्याच कागदावर नाही.

कला म्हणून ते ओबडधोबडच असतात. मग जपण्यासारखं काय आहे त्यात?

बरेचसे ओबडधोबड असतात, हे मान्य. हात मांडीपेक्षा जाड, बैलाचे डोळे माणसासारखे. पण त्यांचं मोल त्यांच्या कामात आहे, आणि ते काम म्हणजे खूण असणं.

माझ्या आत्याला अक्षरओळख नव्हती. माहेरी येताना ती एसटीत खिडकीशी बसायची आणि रस्त्याकडेचा पांढरा बैल दिसला की पिशव्या उचलायची. तो थांबा अधिकृत नव्हता, विनंती थांबा होता. कंडक्टर घंटी ओढायचा आणि म्हणायचा, "बैल कोण हाय? चला, उतरा." रस्ता रुंद झाला तेव्हा बैल गेला. त्यानंतर पहिल्यांदा आली तेव्हा आत्या पुढच्या फाट्यापर्यंत गेली आणि भर उन्हात दोन पिशव्या घेऊन चालत मागे आली. घरात पाऊल टाकल्यावर तिनं पाणी मागितलं नाही, आधी विचारलं, "बैल कुठं गेला रे?" मी ही नोंदवही तेव्हापासून धरली.

सोलापूरला याची गरज जरा जास्तच आहे. इथं एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू कानावर पडते. पाटी कोणत्याही एका लिपीत लिहा, कुणीतरी सुटतंच. हत्ती मात्र सगळ्यांना वाचता येतो.

दुसरं मोल घडवणाऱ्यांचं. हे पुतळे कलाशाळेत शिकलेल्यांनी केलेले नाहीत. दिवसा घरांचा गिलावा करणाऱ्या गवंड्यांनी, देवळांच्या शिखरांवर नक्षी काढणाऱ्या मिस्त्रींनी, पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांनी ते केले. सळईचा सांगाडा वाकवायचा, त्यावर जाळी बांधायची, सिमेंट-वाळूचा मसाला थापायचा आणि थापीनं नाक-डोळे काढायचे, हे कसब हातातून हातात आलं. ती पिढी आता सत्तरीपुढे गेली आहे.

आमच्या गावाजवळचा पुतळा महामार्गाच्या रुंदीकरणात जाणार असं ऐकलं. काय करू?

सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नासाठी येतात. गेल्या दीड दशकात सोलापूरहून निघणारे पुणे, हैदराबाद, विजापूर आणि तुळजापूरकडचे रस्ते चौपदरी झाले, गावांना बाह्यवळणं आली. रस्ते हवेच होते. पण रस्त्याकडेचं जे काही होतं ते बहुतेक ठिकाणी एका रात्रीत गेलं, कारण कुणी वेळेत तोंड उघडलं नाही.

वेळ कधी असते ते समजून घ्या. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची तर राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ३ए खाली राजपत्रात अधिसूचना निघते. तिचा मजकूर दोन वर्तमानपत्रांत येतो आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. राजपत्रात अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत जमिनीशी हितसंबंध असलेल्याला लेखी हरकत घेता येते. म्हणजे गट नंबर ज्याच्या नावावर आहे त्या माणसानं अर्ज करायचा. तुम्ही-आम्ही त्याच्या पाठीशी उभं राहायचं आणि अर्ज लिहून द्यायचा. अर्जात "पुतळा पाडू नये" एवढंच लिहून भागत नाही. "रस्त्याच्या हद्दीबाहेर याच गटात हलवण्यासाठी मुदत द्यावी" अशी मागणी लिहा. ती मान्य होण्याजोगी असते.

त्यानंतर संयुक्त मोजणी होते. त्या दिवशी मालकानं जागेवर हजर राहायलाच हवं. विहीर, झाडं, पाइपलाइन यांची नोंद सगळे आग्रहानं करून घेतात. पुतळा आणि चबुतरा यांचं कुणाला भान नसतं. पंचनाम्यात दोन्हींची लांबी, रुंदी, उंची लिहून घ्या. नोंद असेल तर बांधकाम म्हणून मूल्यांकनाची मागणी करता येते आणि त्या पैशात पुतळा हलवायचा बराचसा खर्च निघू शकतो. नोंदच नसेल तर पुढे भांडायला हातात काही राहत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे आशेवर राहणार नाही. पुतळा सरकारी रस्त्याच्या हद्दीत असेल तर तो तिथंच राहावा यासाठी शक्ती घालवू नका. सार्वजनिक रस्ते, पदपथ अशा ठिकाणी पुतळे उभारायला परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी राज्यांना दिला आहे. हद्दीबाहेरची जागा शोधण्यातच शहाणपण आहे.

सिमेंटचा पुतळा हलवता येतो का? तो तर तिथंच उभा करून बांधलेला असतो.

येतो. ऑस्ट्रेलियात गोलबर्न नावाचं मेंढपाळांचं गाव आहे. तिथं १९८५ मध्ये मेरिनो मेंढ्याचा सुमारे १५ मीटर उंचीचा सिमेंटचा पुतळा बांधला. १९९२ मध्ये महामार्गाचं बाह्यवळण झालं, गाड्या गावाबाहेरून जाऊ लागल्या आणि मेंढ्याकडे कुणी फिरकेना. शेवटी मे २००७ मध्ये त्यांनी तो जवळपास शंभर टनांचा मेंढा अखंड उचलला आणि अंदाजे ८०० मीटरवर, महामार्गाच्या वळणापाशी नेऊन ठेवला. आजही तो तिथं आहे.

आपले पुतळे त्यापुढे लेकरं आहेत. पण काँक्रीटचं वजन घनमीटरला २,४०० किलोच्या आसपास असतं, त्यामुळे पंधरा फुटी पैलवानही काही टनांचा भरू शकतो. नेमकं वजन आत विटा आहेत, पोकळी आहे की भरीव काँक्रीट, यावर ठरतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय क्रेन बोलावू नका.

आम्ही एका पुतळ्याची अक्षरशः मान तुटताना पाहिली आहे. ठेकेदाराच्या माणसांनी गळ्यात तारेचा दोर अडकवला आणि हिसका दिला. अर्ध्या मिनिटात चाळीस वर्षांचं काम मातीत गेलं. पुतळा कधीही गळ्याला, काखेला किंवा घोट्याला धरून उचलायचा नसतो. चबुतऱ्याखालून आडव्या भेगा पाडायच्या, त्यात लोखंडी तुळया सरकवायच्या, भोवती लोखंडी चौकट बांधायची आणि वजन खालच्या तुळयांवर घ्यायचं. वर फक्त तोल सांभाळायला रुंद पट्टे, आणि पट्ट्याखाली गोणपाटाच्या घड्या. वाटेत वीजतारा असतील तर पुरवठा बंद ठेवण्यासाठी महावितरणकडे आधी अर्ज द्यावा लागतो.

मग एखाद्या बागेत किंवा संग्रहालयात का नेऊन ठेवत नाही?

दुसरा कुठलाच मार्ग नसेल तरच. कोल्हापूरजवळ कणेरी मठावर ग्रामजीवनाचे सिमेंटचे पुतळे आहेत, लोक लांबून येऊन बघतात. ते त्या जागेसाठीच घडवलेले आहेत. आपला पैलवान बागेच्या कुंपणाआड गेला की तिकीट काढणाऱ्यांनाच दिसतो आणि त्याच्या नावानं उतरणारं कुणी राहत नाही. शंभर फूट मागे सरकला तरी चालेल, तोंड थोडं वळलं तरी चालेल, पण रस्त्यावरून दिसला पाहिजे. माझ्या लेखी ही अट रंगापेक्षा आणि मूळ जागेपेक्षाही मोठी आहे.

परदेशात लोकांनी असे पुतळे खरंच वाचवले आहेत का?

मेंढ्याचं वर सांगितलंच. अमेरिकेतली गोष्ट तर याहून आपल्यासारखी आहे. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या व्हेनिस भागातल्या इंटरनॅशनल फायबरग्लास या कंपनीनं फायबरचे १८ ते २५ फुटी पुरुष बनवायला घेतले. पहिला पुतळा कुऱ्हाड धरलेल्या लाकूडतोड्याचा होता आणि त्याचाच साचा पुढे सगळ्यांना वापरला. म्हणून कुऱ्हाड काढून हातात काहीही दिलं तरी पंजांची ठेवण तीच राहिली: एक तळवा वर, एक खाली. गॅरेजवाल्यांनी त्या हातात सायलेन्सर दिले. सायलेन्सरला तिकडे मफलर म्हणतात, त्यावरून यांचं नाव पडलं मफलर मेन. असे शेकडो उभे राहिले. मग मोठे महामार्ग आले, रूट ६६ हा तिथला जुना रस्ता ओस पडला आणि पुतळेही भंगारात जाऊ लागले.

इलिनॉयमधल्या विल्मिंग्टन या छोट्या गावात यातलाच एक आहे, हातात रॉकेट घेतलेला हिरवा अंतराळवीर. १९६५ च्या सुमारास तो एका उपाहारगृहापुढे उभा राहिला आणि नासाच्या जेमिनी मोहिमेवरून त्याला जेमिनी जायंट म्हणू लागले. उपाहारगृह बंद पडलं आणि मार्च २०२४ मध्ये पुतळा लिलावात निघाला. जवळच्या जोलिएट शहरातल्या संग्रहालयानं तो २,७५,००० डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या भावानं जवळपास सव्वादोन कोटी रुपयांना, घेतला. पैसे देऊनही त्यांनी तो स्वतःच्या दारात नेला नाही. दुरुस्त करून विल्मिंग्टनच्याच एका उद्यानात पुन्हा उभा केला.

आणि परदेशच कशाला? केरळात मलंपुळा धरणाच्या बागेतली शिल्पकार कानायी कुञ्ञिरामन यांची ३० फुटी यक्षी सिमेंटचीच आहे. १९६९ पासून केरळचा पाऊस झेलत ती बसली आहे.

पुतळ्याला तडे गेलेत, पोपडे निघतात. नुसता सिमेंट भरून चालेल?

नाही. हे मोठ्या अक्षरात लिहून धाब्यावर लावावं असं वाटतं.

तडा वरून दिसतो, पण रोग आत सळईत असतो. ताजं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं आणि त्यामुळे आतलं लोखंड सुरक्षित राहतं. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरतो, ही अल्कता कमी होते आणि ओल मिळाली की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. तो फुगतो आणि वरचं सिमेंट फोडून बाहेर ढकलतो. वरून नवा सिमेंट थापला की गंज आत झाकला जातो आणि दोन-तीन पावसाळ्यांत मोठा तुकडा सुटून पडतो.

आधी छोट्या हातोडीनं सगळीकडे हलके टिचकावून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद आवाज आला तिथं खडूनं खूण करा. तेवढा भाग सळईच्या मागेपर्यंत फोडून काढायचा, तारेच्या ब्रशनं गंज घासायचा, सळई फारच झिजली असेल तर जोड द्यायचा, गंजरोधक लेप लावायचा आणि मग पॉलिमर मिसळलेला मसाला थराथरानं भरायचा. नंतर ओलं गोणपाट गुंडाळून किमान सात दिवस भिजवत ठेवायचं.

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार असतो. मसाल्यातलं पाणी उडून जातं आणि नवा गिलावा पोटातूनच चिरतो. उन्हाळ्यात हॉटेलं रिकामी असतात म्हणून मालक नेमकं तेव्हाच काम काढतात.

रंग कोणता द्यावा?

सिमेंटला बाहेरच्या भिंतींसाठी मिळणारा अॅक्रिलिक इमल्शन. ऑइल पेंट चकाकतो म्हणून लोकांना आवडतो, पण तो ओल आत कोंडतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. जुना रंग पूर्ण खरवडण्याआधी काखेत किंवा कानामागे पावसापासून वाचलेली जागा शोधा. तिथं सगळे थर सापडतात. एका बैलाच्या कानामागे आम्हाला पांढऱ्याखाली फिकट निळा, त्याखाली गेरू सापडला. मालकाला वाटत होतं बैल पहिल्यापासून पांढराच आहे.

डोळे शेवटी आणि शक्यतो पाट्या रंगवणाऱ्या जुन्या पेंटरकडून. फ्लेक्सनं त्यांचं काम कधीच नेलं आहे, पण हात अजून शाबूत आहे. दुसऱ्या कुणी डोळे काढले की पुतळा कुठंच बघत नाही.

फायबरचा असेल तर?

उन्हानं वरचा गुळगुळीत थर खडूसारखा भुरभुरतो आणि काचेचे बारीक धागे उघडे पडतात. हात फिरवू नका, टोचतात. मास्क लावून घासायचं, चिरा फायबर मॅट आणि रेझिननं भरायच्या आणि वरून पीयू (पॉलियुरेथेन) रंग द्यायचा. मोटारींच्या बॉडीचं फायबरकाम करणारे कारागीर हे उत्तम करतात. फायबर हलका असल्यानं त्याला खरी भीती वाऱ्याची. आतला लोखंडी खांब आणि बोल्ट दर पावसाळ्याआधी उघडून बघा.

पुतळा एका बाजूला कललाय.

काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडेपर्यंत आकसते आणि चबुतरा तिच्याबरोबर वर-खाली होतो. ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडून अंतर मोजा, तारखेसह लिहा, सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. फरक वाढत असेल तर पाया मुरुमापर्यंत न्यावा लागतो. वरून टेकू देऊन उपयोग नाही. चबुतऱ्याभोवती तीन-चार फुटांची उताराची फरशी केली आणि हातधुण्याचं पाणी दुसरीकडे वळवलं, तर निम्मं दुखणं थांबतं. धाब्यांवर मोरी हटकून पुतळ्याच्या पायाशीच काढलेली असते.

तो कुणाच्या अंगावर पडला तर?

हा प्रश्न विचारणाऱ्याचं मी आधी ऐकतो. २६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा कोसळला, तेव्हा अनावरण होऊन नऊ महिनेही झाले नव्हते. सबंध महाराष्ट्राला ते लागलं. उंच पुतळा म्हणजे वारा अडवणारं शीड असतं, हे त्या दिवसापासून कुणी विसरू नये. खात्री नसेल तर आधी भोवती दोरी बांधा, मुलांना चढू देऊ नका, मग इंजिनिअरला बोलवा. जिवापेक्षा कुठलीही खूण मोठी नाही.

हेरिटेज यादीत नाव घालता येईल का?

केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याला किमान शंभर वर्षांचं वय लागतं. आपले पुतळे त्यात बसत नाहीत. सध्या तरी ग्रामसभेचा ठराव हाच खरा आधार. ठरावात पुतळ्याचं लोकांच्या तोंडचं नाव, जागा, छायाचित्र आणि "गावाची ओळख" हे शब्द असू द्या.

आग्या मोहोळ बसलंय, पिंपळ उगवलाय.

मोहोळाला धूर करू नका; जाणकार मध काढणाऱ्याला बोलवा, किंवा ते उठून जाईपर्यंत काम थांबवा. पिंपळ लहान असतानाच काढा. मोठा झाल्यावर उपटला तर गिलाव्यासकट हातात येतो.

खर्च कोण करणार?

बहुतेक पुतळे खासगी मालकीचे आहेत आणि मालकाची मुलं दुसऱ्या धंद्यात गेलेली आहेत. सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेतले सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या, आजवर टिकले, कारण प्रत्येकाचे मानकरी ठरलेले आहेत. काठी धरणं हा त्यांच्या घराचा मान आहे. तसं इथंही करता येतं. एका गावात आम्ही सुचवलं आणि त्यांनी रंगाचा मान एका घराला, परातीचा मान गवंड्यांच्या घराला, ओळंबा धरायचा मान शाळेतल्या दहावीच्या पोरांना दिला. वर्गणी मागावी लागली नाही. मालकाशी मात्र साध्या कागदावर लिहून घ्या: पुतळा त्याचाच, देखभाल गावाची, विकायचा झाला तर आधी गावाला विचारायचं.

आमच्याकडे पुतळा आहे, पण करणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नाही.

चबुतऱ्याच्या मागच्या बाजूला जमिनीलगत बघा. मिस्त्री थापीच्या टोकानं नाव आणि साल कोरून ठेवतात, पुढे ते रंगाखाली जातं. तिरपा टॉर्च मारला की अक्षरं उठून दिसतात. ती कन्नड किंवा तेलुगूत असतील, तर वाचणारं माणूस सोलापुरात शेजारीच मिळेल. सापडलेलं नाव पुन्हा रंगवताना झाकू नका.

मोबाइलवर नोंद कशी करावी?

सकाळी लवकर किंवा ढगाळ दिवशी, कारण कडक सावलीत आकार कळत नाही. पुतळ्याभोवती गोल फिरत दर दोन पावलांवर एक फोटो घ्या. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला निम्म्याहून जास्त भाग यायला हवा. एक फेरी कमरेच्या उंचीवरून, एक डोळ्याच्या, एक शिडीवरून. बाजूला मीटरची पट्टी उभी करा. एवढ्यावरून संगणकात त्रिमितीय प्रतिकृती तयार होते आणि हात तुटला तर मापानिशी परत करता येतो. शेवटी रस्त्याच्या पलीकडून एक फोटो हवाच, प्रवाशाला दिसतो तसा.

पाडलाच, तर तुकड्यांचं काय करायचं?

राडारोड्याची गाडी भरायच्या आत चेहरा आणि दोन्ही पंजे बाजूला घ्या. धड मापावरून पुन्हा करता येतं, मिस्त्रीच्या हाताचं वळण चेहऱ्यात आणि बोटांतच असतं. तुकडे मातीवर ठेवू नका, लाकडी फळ्यांवर ठेवा. चेहरा उताणा ठेवला तर डोळ्यांच्या खोबणीत पाणी साचतं, म्हणून तो कुशीवर ठेवा आणि वर पत्रा टाका. तुटलेल्या सळईच्या टोकांना लगेच गंजरोधक लावा. आत्याच्या बैलाचं एक शिंग आणि कान आमच्या कडब्याच्या शेडमध्ये असेच ठेवले आहेत. बाकीच्यासाठी जुने फोटो गोळा करतो आहे. त्या रस्त्यावरच्या कुणाच्या लग्नाच्या अल्बममध्ये वरातीमागे पांढरा बैल दिसत असेल, तर तो फोटो आम्हाला हवा आहे.